मेडिकल स्कूलच्या सेकंडरी : 'आमचीच शाळा का?' याला तुमची मुलं काय उत्तर देतात?

रानजाई | 5 जुलै

लेकीचा ॲमकासचा, म्हणजे अमेरिकेतल्या मेडिकल स्कूलांचा सामायिक अर्ज जूनच्या पहिल्या आठवड्यात गेला. वाटलं, सुटलो. जूनअखेरीला तो शाळांकडे पोचला आणि तेव्हापासून रोज दोन-तीन सेकंडरी, म्हणजे एकेका शाळेचे वेगळे पुरवणी अर्ज, येऊन पडतायत. प्रत्येकीचे तीन-चार निबंध. कुणाला 200 शब्दांत हवं, कुणाला 1,500 अक्षरांत. वर फी आहेच, कुठे 75 डॉलर, कुठे सव्वाशे.

मी मूळची लातूरची. आमच्याकडे डॉक्टर व्हायचं म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी आणि पहाटे चारचा गजर. "तुझ्या आयुष्यातलं मोठं आव्हान कोणतं" असं आम्हाला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी "इनऑरगॅनिक केमिस्ट्री" असं लिहून मोकळी झाले असते.

प्रश्न साधारण तेच तेच दिसतात : आमचीच शाळा का, तुझ्यामुळे वर्गात काय वेगळं येईल, एखादं आव्हान, समाजासाठी काय केलंस, आणि शेवटी "आणखी काही सांगायचंय?"

नवऱ्याचं म्हणणं, तिचा रिसर्च पेपर प्रत्येक निबंधात आलाच पाहिजे. सासूबाईंचं म्हणणं, आजोबांना हार्ट अटॅक आला तो प्रसंग घालावा. लेकीचं म्हणणं, आई तू लॅपटॉपपासून लांब राहा. ज्यांची मुलं यातून गेली आहेत त्यांनी कृपया लिहा. विशेषतः त्या "वेगळं काय" प्रश्नाला काय लिहायचं? गणपती, लेझीम आणि मराठी शाळा हे तर आमच्या गावातली सगळीच मुलं लिहिणार.

---

एडिसनकर | 5 जुलै

सासूबाईंना सांगा, न्यू जर्सीतल्या प्रत्येक देशी अर्जात एक आजोबा आणि एक हार्ट अटॅक आधीपासून आहे.

(खुर्ची टाकून बसलोय. धाकट्याची पाळी दोन वर्षांनी.)

---

तिसरीघंटा | 5 जुलै

रानजाई ताई, मी मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे, त्यामुळे जखम ताजी आहे.

आधी कामाचं. सेकंडरी आली की दोन आठवड्यांत परत जावी असा सगळ्यांचा प्रघात आहे. बहुतेक शाळांचा तसा नियम नसतो, काहींची मुदत मात्र असते, ती ईमेलमध्ये नीट बघा. घाई कशाला, तर इंटरव्ह्यूची बोलावणी आणि प्रवेश टप्प्याटप्प्याने होतात. उशिरा आलेली फाइल उरलेल्या जागांसाठी भांडते. पण दोन आठवडे हा आकडा डोक्यात घेऊन भिकार निबंध पाठवण्यापेक्षा चार दिवस उशीर परवडला.

दुसरं, बऱ्याच शाळा सरसकट सगळ्यांना सेकंडरी पाठवतात. ती आली म्हणजे आपण पसंत पडलो, असं समजून पेढे वाटू नका. काही शाळा मात्र आधी फाइल चाळतात आणि मगच पाठवतात. यूसी म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या शाळांपैकी काही तशा आहेत. तिकडून आली तर एखादा पेढा चालेल.

प्रश्न वर्षानुवर्षं फारसे बदलत नाहीत. मागच्या वर्षीचे नेटवर मिळतात. मुख्य अर्जाची पडताळणी चालू असते त्या जूनच्या दिवसांत ते काढून कच्चं लिखाण करून ठेवायचं असतं. तुमची ती वेळ गेली, हरकत नाही. आता सगळे प्रश्न एका कागदावर मांडा आणि एकमेकांशी जुळणारे एकत्र बांधा. वीस शाळांचे प्रश्न पाच-सहा गठ्ठ्यांत बसतात. प्रत्येक गठ्ठ्याचा एक निबंध जीव ओतून लिहायचा, मग तो कापायचा, ताणायचा. "आमचीच शाळा का" हा गठ्ठा वेगळा. तो दर वेळी नव्याने.

आणि पाठवण्याआधी शाळेचं नाव मोठ्याने वाचायचं. एका शाळेच्या निबंधात दुसरीचं नाव राहून जाणं ही दंतकथा नाही.

---

पिंपळपान | 6 जुलै

मी एका मेडिकल स्कूलच्या प्रवेश समितीसाठी फायली वाचतो. कुठल्या ते विचारू नका. जे सांगतोय ते माझं मत आहे, शाळेचं नाही.

वाचणाऱ्याच्या बाजूने बघा. माझ्यासमोर मुख्य अर्ज आधीच आहे. त्यात 5,300 अक्षरांचं पर्सनल स्टेटमेंट, 15 पर्यंत ॲक्टिव्हिटी, त्यातल्या तीन महत्त्वाच्या म्हणून जास्त जागा घेऊन लिहिलेल्या, एमकॅट (मेडिकलची प्रवेश परीक्षा), जीपीए (कॉलेजच्या गुणांची सरासरी), शिफारसपत्रं. रिसर्च पेपर मला तिथे दिसला. सेकंडरीत तोच पुन्हा दिसला तर एवढंच कळतं की मुलीकडे सांगण्यासारखं दुसरं काही नाही. तुमच्या यजमानांना माझा नमस्कार सांगा.

शाळा सेकंडरी वेगळी काढते कारण तिला स्वतःची काही गरज असते. वॉशिंग्टन विद्यापीठाची मेडिकल स्कूल वॉशिंग्टन, वायोमिंग, अलास्का, माँटॅना आणि आयडाहो या पाच राज्यांसाठी डॉक्टर घडवते. यूसी रिव्हरसाइड इनलँड एम्पायर भागात डॉक्टर कमी आहेत म्हणून उभी राहिली. अटलांटाची मोरहाउस काळ्या आणि उपेक्षित वस्त्यांसाठी. कूपरची शाळा न्यू जर्सीतल्या कॅमडेन शहरात आहे आणि ते शहर तिच्या सगळ्या कामात आहे. न्यू जर्सीच्या एडिसनमध्ये वाढलेल्या मुलीने माँटॅनाच्या खेड्यांबद्दल अचानक उमाळा दाखवला की वाचणारा ॲक्टिव्हिटींची यादी पुन्हा उघडून बघतो. तिथे खेडं कुठेच नसतं. उलट न्यूअर्कच्या किंवा कॅमडेनच्या शाळेला तिने सांगितलं की मी याच भागात वाढले, इथल्या अमुक ठिकाणी शनिवारी काम करते आणि पुढेही इथेच राहायचंय, तर त्याला वजन आहे. वेबसाइटवरून तीन प्राध्यापकांची नावं उचलून चिकटवणं हे "आमचीच शाळा का" याचं उत्तर नव्हे. ते सगळेच करतात.

आता "वेगळं काय". 29 जून 2023 ला सुप्रीम कोर्टाने प्रवेशात वंशाचा विचार करण्यावर बंदी आणली. पण सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांच्याच निकालपत्रात असंही आहे की अर्जदाराने वंशाचा आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला ते लिहिलं तर शाळा ते विचारात घेऊ शकते, फक्त ते त्या माणसाच्या धैर्याशी, जिद्दीशी, तो शाळेला काय देऊ शकतो त्याच्याशी जोडलेलं हवं. त्यानंतर बऱ्याच ठिकाणी हे प्रश्न नव्याने लिहिले गेले, "तुझ्या अनुभवातून तू इथे काय आणशील" अशा वळणाने. म्हणजे "मी मराठी आहे" एवढ्याने भागत नाही. मराठी असण्यामुळे तू काय केलंस?

लेझीमला माझा विरोध नाही. लेझीम खेळणाऱ्या पोरीने तिथे केलं काय, ते सांगा.

---

सदाशिव_पेठी | 6 जुलै

वाचून करमणूक झाली. आमच्याकडे नीट. एक पेपर, 180 प्रश्न, 720 गुण. ज्याला गुण त्याला सीट. निबंध म्हणजे ज्याचं इंग्रजी गुळगुळीत आणि ज्याच्या बापाकडे सल्लागाराला द्यायला पैसे, त्याची चांदी. शिवाय वीस-बावीस वर्षांच्या पोरांनी "आयुष्यातली आव्हानं" लिहायची म्हणजे खोटं लिहायला शिकवणं.

---

तिसरीघंटा | 6 जुलै

काका, गुण इथेही लागतातच. दरवर्षी साधारण 52 ते 55 हजार अर्जदार आणि 23 हजार प्रवेश, आणि प्रवेश मिळालेल्यांची एमकॅटची सरासरी 528 पैकी 511च्या पुढे. निबंध त्याच्या वर आहे, त्याच्या ऐवजी नाही.

आणि नीटचं म्हणाल तर 2024 चा निकाल आठवा. 4 जूनला 67 जणांना 720 पैकी 720 आणि सुधारित यादीत ते 17 झाले. एका पेपरवर सगळं ठेवलं की पेपर फोडणाऱ्यालाही एकच ठिकाण पुरतं.

सल्लागारांबद्दल मात्र तुमचं शंभर टक्के खरं आहे. हजारो डॉलर घेतात. ज्यांच्याकडे नाहीत त्यांच्यासाठी एएएमसीची, म्हणजे ॲमकास चालवणाऱ्या मेडिकल कॉलेजांच्या संघटनेची, फी-सवलत योजना आहे. ती मंजूर झाली की ॲमकासची 20 शाळांपर्यंतची फी माफ होते आणि अनेक शाळा सेकंडरीचीही सोडतात. पण अर्ज पाठवण्याआधी ती मंजूर असायला लागते, नंतर पैसे परत मिळत नाहीत. आपल्याकडचे लोक "आपण कशाला हात पसरायचे" म्हणून ती बघतही नाहीत.

---

सदाशिव_पेठी | 6 जुलै

67 चा मुद्दा मान्य. खोट्याचा मुद्दा तसाच आहे.

---

पिंपळपान | 6 जुलै

सदाशिवराव, खोटं लिहिलेलं असतं आणि इंटरव्ह्यूत दोन प्रश्नांत उघडं पडतं. पण देशी अर्जांत खोट्यापेक्षा वेगळीच एक गोष्ट दिसते, ती सांगतो, कारण ती फक्त आपल्याकडेच कळेल.

मुलगा सुट्टीत सांगलीला किंवा नाशिकला जातो. मामाचं हॉस्पिटल असतं. मामा कौतुकाने ऑपरेशन थिएटरमध्ये उभा करतो, हातमोजे चढवतो, टाका घालू देतो. पोराच्या आयुष्यातला तो सगळ्यात भारी दिवस. निबंधात ते अभिमानाने लिहितो : मी पेशंटला टाके घातले.

वाचणाऱ्याला दिसतं काय? प्रशिक्षण नसलेल्या मुलाने, पेशंटला पुरतं न विचारता, जे अमेरिकेत त्याला करू दिलं नसतं ते गरीब देशात जाऊन केलं. परदेशात असं काही करू नका म्हणून एएएमसीच्या खास मार्गदर्शक सूचना आहेत. मामाचा हेतू चांगला होता, भाच्याचाही. फाइल मात्र तिथेच मागे पडते.

त्याच जातीतलं दुसरं म्हणजे खेड्यातलं शिबिर. "मी औषधं वाटली आणि त्यांच्या डोळ्यांत कृतज्ञता दिसली." त्या गावात वर्षभर काम करणारी आशा सेविका या निबंधात कुठे असते? तिच्याबरोबर दोन दिवस फिरून ती घरोघरी काय विचारते, काय लिहून घेते, एवढंच कुणी लिहिलं तर मी खुर्चीत सरसावून बसेन.

---

एडिसनकर | 6 जुलै

मामाकडचं तिकीट कॅन्सल करतोय. खरंच.

---

सोनसळी | 7 जुलै

आम्ही टेक्सासमध्ये. इथल्या सरकारी शाळांचा अर्ज टीएमडीसॅस या वेगळ्या ठिकाणी जातो आणि बऱ्याच शाळांच्या सेकंडरी मुख्य अर्जाबरोबरच उघडतात, त्यामुळे मे-जूनमध्येच धावपळ. सरकारी शाळांत बाहेरच्या राज्यातल्यांना दहा टक्क्यांच्या वर जागा नाहीत, म्हणून इथल्या मुलांना थोडा दिलासा.

आमचा प्रश्न वेगळाच आहे. मुलगा चार वर्षांचा असताना आलो. एच-फोरवर, म्हणजे आमच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या मुलांच्या व्हिसावर वाढला. ग्रीन कार्डची रांग तुम्हाला माहीतच आहे. एकविसावं लागलं आणि एच-फोर संपला, आता तो एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर आहे. म्हणजे बालवाडीपासून इथे शिकलेला मुलगा अर्जात परदेशी विद्यार्थी. बऱ्याच शाळा परदेशी विद्यार्थ्यांचा अर्जच घेत नाहीत. ज्या घेतात त्यांतल्या काही फीचे पैसे आधी बाजूला ठेवलेले दाखवा म्हणतात. यादी अशीच निम्म्यावर आली. हे "आव्हान" म्हणून लिहावं का? तो म्हणतो, रडगाणं वाटेल.

---

पिंपळपान | 7 जुलै

सोनसळी, लिहावं. पण कायदा समजावण्यात शब्द घालवू नयेत, दोन ओळी पुरेत. बाकी जागा त्याने काय केलं याला. कुठली दारं बंद आहेत हे कळल्यावर त्याने कुठलं काम शोधलं? एच-फोरवर पगारी काम करता येत नव्हतं तेव्हा काय निवडलं? त्याच्याच परिस्थितीतल्या इतर मुलांना मदत केली का? रडगाणं तेव्हा होतं जेव्हा निबंधात घडणाऱ्या सगळ्या गोष्टी दुसरेच कुणी करतात आणि लिहिणारा नुसता सोसत असतो.

अर्ज भरायच्या आधी प्रत्येक शाळेला ईमेल करून एफ-वनबद्दल विचारा. वेबसाइटवरची माहिती जुनी असू शकते आणि सेकंडरीची फी परत मिळत नाही.

---

सोनसळी | 7 जुलै

काम शोधलं ना! पगारी नोकरी नाही म्हणून हॉस्पिसमध्ये (शेवटच्या दिवसांतल्या पेशंटची काळजी घेतात तिथे) स्वयंसेवक झाला, अजून जातो. हे त्याने कुठेच जोडून लिहिलेलं नाही. आज बसवते त्याला.

---

घडीव | 7 जुलै

अवांतर आहे, पण राहवत नाही. आपल्याकडचा पहिला "आमचीच शाळा का" निबंध आनंदीबाई जोशींचा. जून 1883 मध्ये, अमेरिकेत पाऊल ठेवल्यावर महिन्याभरातच, त्यांनी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजला प्रवेशासाठी पत्र लिहिलं. वय 18. पत्र आता ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात आहे, नेटवर वाचता येतं.

त्यात त्या स्वतःच कबूल करतात की प्रवेशाच्या सगळ्या अटींत मी कदाचित बसणार नाही. आप्त आणि जात यांचा विरोध असताना आले, हे ओघात सांगून पुढे जातात. आणि मग मुद्दा : आमच्याकडच्या बायका पुरुष डॉक्टरला दाखवण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्यासाठी मला शिकायचंय. 1886 मध्ये त्या पदवी घेऊन बाहेर पडल्या.

---

पिंपळपान | 7 जुलै

घडीव, हे अवांतर कुठे? कमतरता सरळ सांगितली, अडचण एका वाक्यात, आणि कुणासाठी शिकायचंय ते स्पष्ट. जिद्दीचा उल्लेखही आहे, पण तो थेट त्या कामाशी जोडलेला.

---

कोकमकढी | 8 जुलै

लंडनहून. इकडे 2026 च्या प्रवेशापासून यूकॅसने (इथली सामायिक प्रवेश-अर्जाची संस्था) एका लांब स्टेटमेंटऐवजी तीन प्रश्न केलेत, मिळून 4,000 अक्षरं. सगळ्या युनिव्हर्सिट्यांना तेच उत्तर जातं, त्यामुळे "तुमचीच शाळा का" हा प्रकारच नाही. मेडिसिनला चारच निवडी. तुमच्या वीस-वीस शाळा वाचून घाम फुटला.

---

रानजाई | 9 जुलै

सगळ्यांचे आभार. पिंपळपान यांचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला, पेपर एकाच निबंधात ठेवायला तयार झाला. (तोही "रिसर्चबद्दल सांगा" असं स्पष्ट विचारलंय तिथे.)

लेकीच्या परवानगीने तिच्या एका निबंधाचा तुकडा मराठीत देते. ती फार्मसीत काउंटरवर काम करते. पहिला खर्डा असा होता :

"लहानपणापासून मला आरोग्यसेवेतील विषमतेची जाणीव आहे. दोन संस्कृतींमध्ये वाढल्यामुळे मी सर्वांशी समरस होऊ शकते. फार्मसीतल्या कामाने मला सहानुभूती, चिकाटी आणि संघभावना शिकवली."

परवा रात्री तिला म्हटलं, तिथे होतं तरी काय ते मला सांग. तिने जे सांगितलं तेच मग लिहिलं :

"शनिवारी दुपारी एका गृहस्थांनी औषधांच्या बाटल्या काउंटरवर मांडल्या आणि विचारलं, यातल्या कुठल्या दोन या महिन्यात नाही घेतल्या तर चालेल? उत्तर देण्याचा मला अधिकार नव्हता. मी फार्मासिस्टना बोलावलं. त्यांनी डॉक्टरांच्या ऑफिसला फोन लावला, बराच वेळ होल्डवर गेला, मागे रांग वाढली, लोक माझ्यावर चिडले. शेवटी एकाचं जेनेरिक मिळालं आणि एकाचं कूपन सापडलं. तेव्हापासून बिल सांगताना समोरच्याचा चेहरा बदलला की मी त्यांनी विचारायची वाट बघत नाही. आधीच फार्मासिस्टना खूण करते. त्यानिमित्ताने मला कळलं की डॉक्टर होण्यासाठी सर्वात महत्त्वाची गोष्ट म्हणजे ऐकणं."

---

तिसरीघंटा | 9 जुलै

वा! शेवटचं वाक्य उडवा, बाकी हात लावू नका. "खूण करते" इथे संपलाय तो.

आणि तारीख, गाव, औषधांची नावं यातलं काही घालू नका. तो माणूस ओळखू येता कामा नये. पेशंटची गोपनीयता हा फक्त नियम नाही, वाचणारे तेही तपासतात.

---

पिंपळपान | 9 जुलै

सहमत, वाक्य उडवा. हा तुकडा "समाजासाठी काय केलंस" या गठ्ठ्यातला. "वेगळं काय" याला हा वापरू नका, तिथे दुसरं काहीतरी हवं. मराठी असण्यामुळे ती कुठे उपयोगी पडली?

---

रानजाई | 9 जुलै

रविवारी आमच्याकडच्या ॲडल्ट डे केअरमध्ये जाते. हाउजीचे आकडे मराठी, गुजराती आणि हिंदीत पुकारते. पण त्यात काय लिहायचं? नुसता खेळ आहे.

---

पिंपळपान | 9 जुलै

अहो, नुसता खेळ कसला? तीन भाषांत आकडे पुकारताना कोणाला ऐकू येत नाही, कोण आकडा चुकवायला लागलंय, कोण दोन रविवार आलं नाही, हे तिच्या लक्षात येत असणार. विचारा तिला.

---

रानजाई | 10 जुलै

विचारलं. एक काकू आकडे ऐकूनही खूण करत नव्हत्या, हिने त्यांना पुढच्या टेबलावर बसवलं तर पटापट खेळायला लागल्या. हिने तिथल्या नर्सला सांगितलं, आता कानाचं मशीन आलंय. मला घरात यातलं काहीच माहीत नव्हतं! लिहायला बसलीये.

अजून दोन शंका. एक, चॅटजीपीटीकडून सुधारून घेतलं तर चालतं का? दोन, "आणखी काही सांगायचंय?" हा रकाना रिकामा ठेवला तर वाईट दिसतं का?

---

तिसरीघंटा | 10 जुलै

एक : ॲमकासच्या धोरणानुसार कल्पना सुचवायला, मुद्रितशोधनाला, संपादनाला एआय चालतं, पण अंतिम लिखाण अर्जदाराचं स्वतःचं आणि त्याच्या खऱ्या अनुभवांचं असलं पाहिजे. सेकंडरीसाठी शाळांचे आपापले नियम असू शकतात, तेवढे वाचा. माझा सल्ला, व्याकरणापलीकडे जाऊ नका. त्याच्या हातात दिलंत की तो पहिलं काम हे करेल की "मागे रांग वाढली, लोक माझ्यावर चिडले" हे काढून तिथे "आव्हानात्मक परिस्थिती" घालेल.

दोन : रिकामा ठेवला तर काही बिघडत नाही. एखाद्या सेमिस्टरला मार्क का घसरले, मधलं वर्ष कशात गेलं, मुख्य अर्जानंतर नवीन काय घडलं, असं काही असेल तर तिथे. तिथे आजोबा नकोत.

---

एडिसनकर | 10 जुलै

आजोबांवर अन्याय होतोय या धाग्यात.

इंटरव्ह्यूसाठी वेगळा धागा काढा कुणीतरी, हा वर ठेवायला सांगतो.